लाल नाक आणि सात कुत्री: 'ओल्ड फॅमिली रेड नोज'चं प्रकरण

१९४० चं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत अर्कान्सा राज्यात बॉब वॉलेस नावाचा एक माणूस अमेरिकन पिट बुल टेरिअर पाळायचा. स्वतःची लाइन होती, म्हणजे पिढ्यान्पिढ्या आपसांत जोड लावून टिकवलेलं कुत्र्यांचं घराणं, चांगली चालली होती, पण वर्षानुवर्षं आपल्याच घरातल्या कुत्र्यांत जोड लावत राहिलं की एक वेळ अशी येते की बाहेरचं रक्त आणावंच लागतं. ब्रीडर लोक त्याला आउटक्रॉस म्हणतात. वॉलेसला हे बाहेरचं रक्त कुठलंही चालणार नव्हतं, त्याला हवी होती 'ओल्ड फॅमिली रेड नोज' ही तांबड्या नाकाच्या कुत्र्यांची जुनी लाइन. आणि शोधायला निघाला तेव्हा त्याला कळलं की ती जवळपास संपलीय. तांबड्या नाकाची कुत्री दिसायची तशी, पण कोणाचं रक्त कोणात मिसळलंय याचा धड पत्ता नाही, वाटेल तशी जोड लावून लोकांनी वाट लावलेली. शेवटी त्याला फक्त सात कुत्री मिळाली ज्यांची पेडिग्री, म्हणजे वंशावळ, तो स्वतः पडताळून खरी म्हणू शकत होता.

मी बरीच वर्षं कुत्र्यांच्या पेडिग्री वाचतोय, म्हणजे लोक क्रिकेटचे स्कोअरकार्ड वाचतात तसं, आणि ब्लडलाइन म्हणजे काय असं कोणी विचारलं की मला हेच प्रकरण सांगावंसं वाटतं. लाइन कशी बनते, कोण टिकवतं, कशी वाचते आणि वाचल्यावर फॅशन होऊन परत कशी बिघडते, सगळं यात आहे. आणि आपल्याकडे आता जो उठतो तो 'रेड नोज पिटबुल' म्हणून जाहिरात करतो, त्यामुळे हे नाव आलं कुठून ते नीट माहीत असलेलं बरं.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकतो. या जातीचा इतिहास म्हणजे कुत्र्यांच्या झुंजींचा इतिहास आहे, तो गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्री सोडायचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला, मग तीच बुलडॉग आणि टेरिअरच्या मिश्रणाची कुत्री लपूनछपून एकमेकांवर सोडायला लागले, कारण त्याला मैदान लागत नाही, एक खड्डा म्हणजे पिट पुरतो. नावातला 'पिट' तिथून आलाय. जुने ब्रीडर ज्या गुणाला गेमनेस म्हणायचे तो म्हणजे ताकद नव्हे, जखमी झालं, थकलं, हरत असलं तरी मागे न फिरणं. त्या गुणासाठी पिढ्यान्पिढ्या निवड झाली आणि ती निवड ज्या पद्धतीने झाली ती क्रूरच होती. अमेरिकेत २००८ पर्यंत पन्नासही राज्यांत कुत्र्यांच्या झुंजी हा गंभीर गुन्हा झाला, आपल्याकडे १९६० च्या कायद्याने जनावरांना झुंजवणं गुन्हाच आहे. मी या माणसांच्या ब्रीडिंगबद्दल आदराने लिहितो तेव्हा तो आदर त्यांच्या नोंदी ठेवण्याबद्दल आणि डोळ्याबद्दल आहे, पिटबद्दल नाही. हे दोन्ही एकाच माणसात होतं ही अवघड गोष्ट आहे आणि ती तशीच ठेवून पुढे जावं लागतं.

तर मूळ. ब्रीडर लोकांत चालत आलेली गोष्ट अशी की आयर्लंडमध्ये, मुख्यतः कॉर्क आणि केरी या भागात, १८०० च्या मध्याला काही घराण्यांनी झुंजीच्या कुत्र्यांची एक लाइन अगदी बंदिस्त ठेवली होती, तिला 'ओल्ड फॅमिली' म्हणायचे. पेडिग्री ही खाजगी मालमत्ता असायची, बाहेरच्याला सांगायची नाही. त्या काळात या कुत्र्यांचं कुठलंच रजिस्टर नव्हतं, त्यामुळे हा भाग तोंडी परंपरेचा आहे आणि तसाच वाचावा. पण त्यातलं एक निरीक्षण महत्त्वाचं आहे: या घराण्यातली कुत्री हळूहळू सगळी तांबडी झाली, अंग तांबडं, नाक तांब्याच्या रंगाचं, ओठ आणि नखं तशीच, डोळे पिंगट. जुने लोक म्हणायचे की तांबड्याला काळसर किंवा पट्टेरी कुत्र्याशी जोड लावली तर पिल्लं सगळी काळसर येतात, तांबडी येत नाहीत, म्हणजे तांबडेपणा हा दबून राहणारा गुण आहे आणि बंदिस्त कळपात जवळच्या नात्यात जोड लावत गेलं तर तो वर येतो. मेंडेलचे नियम १९०० मध्ये परत उजेडात आले, ही माणसं त्याआधीपासून गोठ्यात उभी राहून तेच बघत होती. १८४५ नंतर बटाट्याचा दुष्काळ पडला, आयरिश लोक जहाजं भरभरून अमेरिकेत गेले, आणि काहींबरोबर ही कुत्रीही गेली.

अमेरिकेत नोंदींचा काळ १८९८ पासून सुरू होतो. चॉन्सी बेनेट याने कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारा युनायटेड केनेल क्लब काढला तोच मुळी या कुत्र्यांसाठी, कारण दुसरे क्लब त्यांना उभंच करत नव्हते, आणि पहिली नोंद त्याच्या स्वतःच्या 'बेनेट्स रिंग' या कुत्र्याची. इथे नावाची पद्धत समजून घ्या म्हणजे पुढची पेडिग्री वाचता येईल: आधी माणसाचं नाव, मग कुत्र्याचं. 'कोल्बीज पिंचर', 'हेम्पहिल्स गोल्डडस्ट', 'फर्ग्युसन्स सेंटिपीड', 'ट्यूडर्स डिबो'. कुत्र्याच्या नावाआधी माणूस येतो हे मला फार बोलकं वाटतं. आपल्याकडे सांगली-साताऱ्याकडे शर्यतीचा खोंड बघितला की पहिला प्रश्न 'कुणाच्या वळूचा?' असा असतो, तसंच हे. रक्ताची जबाबदारी कोणाची ते नावातच आलं.

मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टच्या जॉन पी. कोल्बीचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही, जरी तो रेड नोजवाला नव्हता. १८८९ च्या आसपास त्याने सुरुवात केली आणि १९४१ मध्ये वारेपर्यंत तो हेच करत होता, पुढे घरातल्यांनी चालवलं. बाकीचे ब्रीडर कुत्री आपल्या वर्तुळाबाहेर द्यायचे नाहीत आणि कोल्बी ती उघडपणे विकायचा, त्यामुळे जुन्या लोकांचा त्याच्यावर राग होता. पण आज अमेरिकेतली जवळपास कुठलीही पेडिग्री पुरेशी मागे नेली तर कोल्बी सापडतोच, तो यामुळेच. १९०९ मध्ये अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशन निघाली ती त्याचा मित्र गाय मकॉर्ड याने काढली. म्हणजे एका बाजूला लाइन लपवून टिकवणारे आणि दुसऱ्या बाजूला पसरवून टिकवणारे. मला विचाराल तर दोन्ही पद्धतींनी लाइन टिकते, मरते ती नोंद न ठेवल्याने.

आता रेड नोजकडे. विल्यम लाइटनर हा यातला पहिला मोठा माणूस. त्याच्याकडे ही कुत्री १९०० च्या आधीपासून होती, वडील आणि आजोबांच्या काळापासून. आणि गंमत बघा, त्यानेच ती सोडून दिली. कारण काय, तर ती त्याच्या आवडीपेक्षा मोठी व्हायला लागली, त्याला लहान कुत्री हवी होती. लुईझियाना सोडून तो कोलोराडोत गेला आणि तिथे थोड्याशा कुत्र्यांवरून नवी लाइन उभी केली, लहान, बहुतेक काळसर रंगाची, काळ्या नाकाची. म्हणजे आज 'लाइटनर लाइन' असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठली, आधीची का नंतरची? एकाच माणसाच्या नावाने दोन वेगळी रक्तं आहेत. पेडिग्री वाचताना अशा जागी पाय घसरतो.

लाइटनरने सोडलेली जुनी कुत्री कुठे राहिली, तर लुईझियानात बुर्ज्वा आडनावाच्या एका फ्रेंच वंशाच्या माणसाकडे. त्याला शोधून काढला डॅन मकॉयने. हा मकॉय म्हणजे या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता माणूस. गावोगाव फिरून हॉटेलांत स्वयंपाकी म्हणून काम करायचा, स्वतः फारशी कुत्री पाळायचा नाही, पाळणार कुठे, पण कुठल्या नराला कुठली मादी लावावी याची जाण अशी की जुनेजाणते ब्रीडर त्याला विचारल्याशिवाय जोड लावायचे नाहीत. आमच्या गावाकडे एखादा म्हातारा असतो बघा, स्वतःकडे दावणीला एक गाय नसते पण बाजारात त्याच्याशिवाय कोणी गाय घेत नाही, तसला. त्याने बॉब हेम्पहिल या ब्रीडरबरोबर ती कुत्री आणली, फर्ग्युसन वगैरे आणखी काही जण सामील झाले, आणि हेम्पहिलने पुढे बाकी सगळं सोडून फक्त ही लाल नाकाची कुत्रीच ठेवली. 'ओल्ड फॅमिली रेड नोज' हे नाव रूढ केलं तेही मकॉयने, असं हेम्पहिल सांगायचा. म्हणजे नाव 'ओल्ड' असलं तरी ते नाव विसाव्या शतकात अमेरिकेत पडलंय.

आणि मग वॉलेस आणि त्याची सात कुत्री. इथे जरा थांबतो, कारण 'सात' हा आकडा लोक कौतुकाने सांगतात पण त्याचा हिशोब करत नाहीत. समजा सातही कुत्री एकमेकांच्या नात्यात नव्हती आणि सगळ्यांची पिल्लं सारखी पुढे गेली, जे प्रत्यक्षात कधीच होत नाही, तरीही दर पिढीला साधारण चौदावा हिस्सा, म्हणजे सातेक टक्के, जनुकीय वैविध्य कमी होतं. पाच पिढ्यांत सुमारे ३० टक्के गेलं. नर कमी आणि माद्या जास्त असतील, जे बहुतेक केनेलमध्ये असतं, तर हे आणखी वेगाने होतं: दोन नर आणि पाच माद्या धरल्या तर ती सात कुत्री हिशोबाला सहापेक्षाही कमी पडतात. आणि ही सात तर एकाच जुन्या घराण्यातली, म्हणजे आधीच एकमेकांची नातेवाईक. सख्ख्या भावंडांची जोड किंवा बाप-लेकीची जोड म्हणजे पिल्लाचा इनब्रीडिंगचा, म्हणजे दोन्हीकडून एकाच पूर्वजाची तीच जनुकप्रत येण्याच्या शक्यतेचा, आकडा २५ टक्के, सावत्र भावंडांची १२.५. असल्या जोडी या लाइनमध्ये नवलाच्या नव्हत्या. तेव्हा वॉलेसने ही लाइन 'वाचवली' हे खरंच आहे पण ती एका अतिशय अरुंद पुलावरून नेली, आणि जाताना कोणतं कुत्रं ठेवायचं, कोणतं थांबवायचं हे रोज ठरवत नेली. दबलेला दोष असेल तर अशा कळपात तो वर येणारच, आला की ते रक्त तिथेच थांबवायला हिंमत लागते, विशेषतः तुमच्याकडे एकूण सातच असतात तेव्हा.

त्याने एक शहाणपणा केला. शुद्ध रेड नोज वेगळी ठेवली आणि आपल्या जुन्या लाइनशी केलेला क्रॉसही वेगळा ठेवला, दोन वह्या, दोन हिशोब. बऱ्याच जणांना हे जमत नाही, एक चांगला नर हाताशी आला की सगळ्या माद्यांना तोच लावतात आणि चार वर्षांत मागे फिरायला वाटच उरत नाही.

पण मग झालं काय, १९५० च्या दशकात रेड नोजची फॅशन आली. जी लाइन कोणाला दहा वर्षांपूर्वी नको होती ती सगळ्यांना हवी झाली. लोक वाट्टेल ते सांगायला लागले, लाल नाकाचं कुत्रं म्हणजे अमुक, लाल नाकाचं कुत्रं तमुक. आणि १९५३ मध्ये स्वतः वॉलेसला लेख लिहावा लागला, ज्याचा मथळाच असा होता की लाल नाकात काही जादू नाही. ज्याने ही लाइन वाचवली, ज्याच्याइतकं तिच्यावर प्रेम कोणी केलं नाही, त्यानेच लिहिलं. विकायला पिल्लं त्याच्याचकडे होती, गप्प बसला असता तर फायदा त्याचाच होता. म्हणून मला हा माणूस आवडतो.

जादू का नाही ते आज आपल्याला जनुकांच्या भाषेत सांगता येतं. कुत्र्याच्या नाकाचा काळा रंग ज्या रंगद्रव्याने येतो ते टीवायआरपी१ या जनुकातल्या बदलामुळे तपकिरी होतं. बदललेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच नाक तांबूस-तपकिरी होतं, एकीकडूनच आली तर नाक काळंच राहतं आणि कुत्रं ते जनुक गुपचूप पुढे नेतं. अंगाचा तांबडा रंग हे वेगळंच प्रकरण, दुसरी जनुकं, आणि पट्टेरीपणा किंवा काळा रंग त्यावर झाकण घालतो. म्हणजे आयर्लंडच्या त्या जुन्या लोकांनी जे बघितलं ते बरोबर होतं, फक्त त्यांना एक वाटलेली गोष्ट प्रत्यक्षात दोन-तीन जनुकांची होती, आणि बंदिस्त कळपात त्या सगळ्या एकदम पक्क्या झाल्या होत्या म्हणून एकच वाटायची.

यातून काय निघतं बघा. काळ्या नाकाची दोन कुत्री, दोघंही ते जनुक लपवून बसलेली, त्यांच्या पिल्लांत सरासरी चारातलं एक लाल नाकाचं निघणार. या जातीच्या बहुतेक लाइनमध्ये कधी ना कधी रेड नोजचा क्रॉस झालाय, त्यामुळे कोणाच्याही लिटरमध्ये, म्हणजे एका वेतातल्या पिल्लांत, अचानक एखादं लाल नाकाचं पिल्लू येतं. ते पिल्लू आपल्याला एवढंच सांगतं की त्याला दोन्हीकडून त्या एका जनुकाची बदललेली प्रत मिळालीय. कुत्र्यात वीस हजारांच्या आसपास जनुकं असतात, त्यातल्या एकाबद्दल ते बोलतंय. बाकीच्यांबद्दल नाक काहीच बोलत नाही. आणि उलट बाजू तर अजून पक्की आहे: खरी शुद्ध ओल्ड फॅमिली रेड नोज असेल तर आई, बाप, चारही आजी-आजोबा, सगळे लाल नाकाचेच असले पाहिजेत, कारण लाल गुणिले लाल म्हणजे लालच. एकाचं जरी नाक काळं निघालं तर शुद्ध लाइनचा दावा तिथेच पडला. कागद बघायची पण गरज नाही.

'ब्लू नोज'चंही असंच, तो एमएलपीएच नावाच्या दुसऱ्या जनुकाचा खेळ आहे, काळा रंग फिकट होऊन राखाडी दिसतो. त्या नावाची तर जुनी लाइनही नव्हती. रंगाला लाइन म्हणून विकायची पद्धत रेड नोजपासून पडली आणि ब्लूने त्याचा धंदा झाला.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्यात सगळ्यात जास्त विचारात पाडते. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने याच कुत्र्यांतली काही कुत्री घेऊन 'स्टॅफर्डशायर टेरिअर' नावाची जात मान्य केली. पिट शब्द नको, झुंजीचा वास नको, शोमध्ये नेता येईल असं कुत्रं हवं. त्या जातीचं मानक, म्हणजे कुत्रं कसं असावं याचं क्लबचं वर्णन, लिहिताना नमुना म्हणून समोर ठेवलेलं कुत्रं होतं 'कोल्बीज प्रिमो'. १९७२ मध्ये नाव बदलून अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर झालं. सुरुवातीला तर एकच कुत्रं एका क्लबकडे पिट बुल आणि दुसऱ्या क्लबकडे स्टॅफर्डशायर म्हणून नोंदलेलं असायचं. आणि त्या मानकात नाकाबद्दल काय लिहिलंय, तर नाक काळंच हवं, फिकट नाक आणि फिकट डोळे हा दोष. म्हणजे अर्कान्सात एक माणूस जे नाक वाचवायला जिवाचं रान करत होता तेच नाक दुसऱ्या वहीत लाल शाईने खोडलेलं होतं. युनायटेड केनेल क्लबच्या पिट बुलच्या मानकात मात्र नाकाचा कुठलाही रंग चालतो. रक्त एकच, वह्या दोन. अशा ठिकाणी कळतं की 'जात' हा शब्द निम्मा कुत्र्याबद्दल असतो आणि निम्मा वही ठेवणाऱ्याबद्दल.

शोवाल्यांनी लाल नाकं बाजूला काढली म्हणून जनुक गेलं का, तर नाही, काळ्या नाकामागे लपून राहिलं. हे लाल नाकाबद्दल असतं तर काही बिघडत नव्हतं, रंगाने कुत्र्याला काय होतंय. पण याच वाटेने दुसरं काही चालत येतं. अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअरमध्ये मेंदूचा एक आनुवंशिक आजार आहे, कुत्रं तीन ते पाच वर्षांचं होईपर्यंत अगदी ठणठणीत असतं, मग हळूहळू चालताना तोल जायला लागतो, जिना उतरताना अडखळतं, आणि ते वाढतच जातं, उपचार नाही. त्याचं कारण एआरएसजी नावाच्या जनुकातला बदल, तोही दोन्हीकडून आला तरच आजार होतो. २०१० मध्ये हे सापडलं तेव्हा तपासलेल्या कुत्र्यांत साधारण तिसरा हिस्सा हे जनुक लपवून फिरत होता. तीन ते पाच वर्षं म्हणजे तोपर्यंत त्या कुत्र्याची दोन-तीन लिटर होऊन गेलेली असतात, शोमध्ये जिंकलेला नर असेल तर किती त्याला मोजच नाही. लाल नाक पहिल्या आठवड्यांतच दिसायला लागतं, हे दिसत नाही. यंत्रणा एकच, अरुंद कळप आणि दबलेलं जनुक. लोक हजारो रुपये जे दिसतं त्याला मोजतात आणि जे दिसत नाही त्याची टेस्ट, जी आता साध्या गालाच्या स्वॅबवर होते, ती करत नाहीत. या मुद्द्यावर मला खरोखर राग येतो.

कागदांबद्दलही बोलायला हवं. पेडिग्री म्हणजे ब्रीडरने दिलेला शब्द, क्लब फक्त तो छापतो. डीएनए येईपर्यंत पडताळणीचा दुसरा मार्गच नव्हता. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या मॉरिस कार्व्हरची कुत्री १९६० आणि ७० च्या दशकांत गाजली, आजच्या कित्येक लाइन त्याच्या कुत्र्यांवर उभ्या आहेत, आणि त्याच्या काही पेडिग्री कागदावर आहेत तशा खऱ्या का यावर आजही वाद चालतो. लाखो पेडिग्रींच्या पायाशी तो वाद आहे. म्हणून वॉलेसच्या गोष्टीत मला 'सात' पेक्षा 'पडताळून' हा शब्द मोठा वाटतो. त्याला लाल नाकाची कुत्री हवी तेवढी मिळाली असती. त्याने मोजली ती फक्त ज्यांचं मागचं सगळं त्याला जुळवता आलं ती.

आणि काळाचा पण विचार करा. वॉलेसच्या त्या कुत्र्यांपासून आजपर्यंत, एक पिढी चार वर्षांची धरली तरी अठरा-एकोणीस पिढ्या झाल्या. बाहेरच्या रक्ताशी जोड होत गेली तर एका पूर्वजाचा वाटा पाचव्या पिढीला तीन टक्के, दहाव्या पिढीला हजारात एक. त्यामुळे कुठेतरी मागे 'वॉलेस' असं लिहिलेलं दिसलं म्हणून कुत्रं वॉलेस लाइनचं होत नाही, ती लाइन टिकवायला कोणीतरी मधल्या प्रत्येक पिढीत परत परत तिकडेच वळून जोड लावलेली असावी लागते. अशी माणसं होती आणि काही अजून आहेत, हातावर मोजण्याइतकी. बाकी सगळं नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

याच रक्ताची एक फांदी तिकडे १९९० नंतर पूर्ण दुसऱ्या दिशेला गेली, रुंद छाती, मोठं डोकं, बुटके पाय, रेझर्स एज आणि गॉटी या लाइन तिथल्या. त्याची 'अमेरिकन बुली' म्हणून वेगळी जात झाली, २००४ मध्ये तिचा स्वतःचा क्लब निघाला आणि २०१३ मध्ये युनायटेड केनेल क्लबनेही मान्यता दिली. ते वेगळं केलं हे चांगलंच झालं. पिट बुलच्या मानकात नराचं वजन ३५ ते ६० पाउंड, म्हणजे साधारण १६ ते २७ किलो आहे, आणि आपल्याकडे ४५ किलोचं कुत्रं 'ओरिजिनल पिटबुल' म्हणून दाखवतात. लाइटनरने मोठी होतात म्हणून सोडलेल्या कुत्र्यांच्या नावाने हे चाललंय.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं, त्या यादीत पिटबुल टेरिअर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं. बंदी असावी की नसावी हा वेगळा विषय, पण ती यादी वाचताना मला १९३६ ची ती दोन वह्यांची गोष्टच आठवली, तिकडे क्लबांनी मारलेली रेघ इकडे सरकारी कागदावर जशीच्या तशी उतरली.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे गेल्या वर्षी नाशिककडच्या एका मित्राने मला पिल्लाचा फोटो पाठवला. सहा आठवड्यांचं, तांबडं, नाक तांब्यासारखं, डोळे अजून निळसर. विकणारा ओल्ड फॅमिली रेड नोज म्हणत होता आणि किंमत त्याप्रमाणे लावली होती, साध्या पिल्लाच्या तिप्पट. मित्र म्हणाला, पेपर येणारेत, वाचून सांग ना. मी म्हटलं पेपर येऊ दे सावकाश, आधी आईचा फोटो मागव. दोन दिवस टाळाटाळ झाली, मग आला. छान मादी होती, पट्टेरी, अंगाने नीट, आणि नाक कोळशासारखं काळं.

मित्राला मी चार ओळीत लाल गुणिले लाल समजावलं आणि विचारलं की तुला नाव हवंय का कुत्रं. त्याने एक दिवस घेतला. मग त्या माणसाला दोन गोष्टी सांगितल्या, साध्या पिल्लाची किंमत देईन आणि पिल्लाची ती मेंदूच्या आजाराची टेस्ट माझ्या खर्चाने करून मग नेईन. पहिल्यावर त्या माणसाने थोडी घासाघीस केली, दुसऱ्याबद्दल त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. रिपोर्ट यायला दीडेक महिना लागला, दोन्ही प्रती स्वच्छ. पिल्लू आता वर्षाचं होत आलंय, २१ किलो, घरातल्या आजीच्या पायाशी झोपतं, आणि मित्राने एक वही केलीय, आई कोण, बाप कोण, कधी जन्मलं, कुठली टेस्ट कधी केली. लाइनच्या रकान्यात त्याने रेघ मारून ठेवलीय.